दोघं नोकरीला, सकाळी चार डबे, रोजचा स्वैपाक लवकर कसा उरकता? (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी नक्की सांगा)

शहापूरची_सूनबाई

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावात शहापूरला राहतो, घरात सहा माणसं. मी एका ऑफिसात अकाउंटला आहे, मिस्टर उद्यमबागला फाउंड्रीत, त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळं कधी पहाटे डबा लागतो तर कधी दुपारी घरी जेवून जातात आणि रात्री बाराला येऊन परत काहीतरी खातात. दोन मुलं, शाळेची गाडी साडेसातला कोपऱ्यावर येते. आत्तापर्यंत भाकरीचं काम सासूबाई बघायच्या म्हणून मला कधी जाणवलं नाही, पण आता त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ओट्यापाशी उभं राहायला डॉक्टरांनी नको म्हटलंय, आणि त्यांना बसून बघायला लागतंय याचंच त्यांना जास्त वाईट वाटतं. सासऱ्यांना दात नाहीत, त्यांना मऊ आणि कमी तिखट लागतं. मुलांना भाकरी नको, चपाती पाहिजे. मिस्टरांना चपाती चालते पण भाकरी नसली तर जेवल्यासारखं वाटत नाही.

सकाळी साडेपाचला उठते तरी सात वाजता माझे हातपाय थरथरायला लागतात. संध्याकाळी सातला घरी पोचते आणि तेव्हाच नेमकी लाईट जाते, मिक्सर बंद, की वाटण राहिलं. यूट्यूबवर दहा मिनिटांत भाजी म्हणून दाखवतात पण त्यात कांदा चिरलेला, टोमॅटो चिरलेला, पनीर कापलेलं, सगळं वाटीत तयार असतं, ते करायला लागलेला वेळ कुणी धरतच नाही.

बाहेरचं मागवायचं नाही असं काही व्रत नाही, पण रोज परवडत नाही आणि सासऱ्यांना ते चालत पण नाही. फ्रिज साधा आहे, फ्रीजर लहान. मला रेसिपी नको असं नाही, पण त्याच्यापेक्षा तुमची पद्धत सांगा, म्हणजे आदल्या रात्री काय करता, रविवारी काय करून ठेवता, आणि आपल्याकडचंच जेवण कसं लवकर होतं ते. पास्ता वगैरे आमच्याकडं कुणी खात नाही.

निपाणीची_काकू

अगं बाई, आधी सासूबाईंना सांग वाईट वाटून घेऊ नका, बसून करायची कामं ढीगभर असतात. लसूण सोलणं, शेंगा निवडणं, पालेभाजी मोडणं, हे त्यांना डायनिंग टेबलावर परातीत दे. तुझा अर्धा तास वाचतो आणि त्यांचा हात स्वैपाकाला लागतो. आमच्या घरात माझी सासू शेवटपर्यंत लसूण सोलायची.

आता भाकरी. रोज सकाळी गरम भाकरी थापायचा हट्ट सोड. आपल्या भागाला देवानं कडक भाकरी दिलीय ती कशाला मग? अथणी, विजापूरकडच्या बायका एकदा बसल्या की आठवड्याची चळत करून ठेवतात. पातळ थापायची किंवा लाटायची, तव्यावर दोन्हीकडनं भाजायची आणि मग मंद आचेवर फडक्यानं दाबून दाबून ओलावा पूर्ण घालवायचा, तो गेला की कोरड्या डब्यात दोन-तीन आठवडे काही होत नाही. स्वतः करायला वेळ नसला तर विकत घे, बेळगावात कडक भाकऱ्या करून विकणाऱ्या बायका आणि बचत गट पाहिजे तेवढे आहेत, त्यात कमीपणा कसला, त्यांच्या घरात चार पैसे जातात. पीठ मात्र शाळूचं आहे का विचार, मालदांडीच्या भाकरीला गोडी असते. सासऱ्यांना द्यायची तर गरम आमटीत नाहीतर दुधात कुस्करून पाच मिनिटं ठेव, मऊ होते.

दुसरं, चटण्या. शेंगाचटणी, कारळाची, जवसाची. या तीन बरण्या भरलेल्या असल्या की भाजी अर्धीच केली तरी ताट भरलेलं दिसतं. शेंगाचटणीला दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाज, सालं काढ, दहा-बारा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, दोन चमचे तिखट, मीठ. तिखट निम्मं ब्याडगी आणि निम्मं संकेश्वरी घे, ब्याडगीनं रंग येतो आणि झणका संकेश्वरीचा. मुलं खाणार असतील तर सगळंच ब्याडगी घाल. मिक्सर सलग फिरवू नको, थांबून थांबून फिरव, नाहीतर तेल सुटून लगदा होतो. खलबत्ता असला तर उत्तमच, लाईट गेली तरी अडत नाही. वर दही घातलं की मुलांच्या चपातीला पण चालते.

आणि सगळ्यात मोठी बचत कशात होते सांगते, भरल्या भाजीचा कोरडा मसाला. शेंगदाण्याचं कूट दोन वाट्या, भाजलेले तीळ अर्धी वाटी, किसून भाजलेलं सुकं खोबरं अर्धी वाटी, कारळ पाव वाटी, धने-जिरेपूड, तिखट, मीठ. कांदा घालायचा नाही, ओलं काही घालायचं नाही, म्हणजे फ्रिजमध्ये पंधरा-वीस दिवस आरामात राहतो. वांगी चिरायची, हा मसाला चिंच-गुळाच्या पाण्यात कालवून भरायचा, छोट्या कुकरात तीन-चार चमचे तेलाची फोडणी, वांगी ठेवून अर्धी वाटी पाणी, एक शिट्टी. झालं एण्णेगाई. तोच मसाला ढबू मिरचीला, दोडक्याला, भेंडीला (भेंडी कढईतच कर, कुकरात तार सुटते). सोमवारी वांगी आणि गुरुवारी दोडका केला तर घरात कुणाला कळत पण नाही की मसाला एकच.

खानापूर_रोडवरचा

काकूंचं पटलं, पण रविवारी सगळं करून ठेवायचं या गोष्टीला माझा थोडा विरोध आहे. आमच्या घरात मी आणि बायको दोघं मिळून स्वैपाक करतो, आणि रविवारचे चार तास ओट्यापाशी गेले की सोमवारी माणूस दमूनच कामाला जातो. आठवड्याची एकच सुट्टी ती. त्यापेक्षा जे रोज करालोय तेच दुप्पट करायचं. शेंगदाणे भाजायचेत का, मग पाव किलो कशाला, किलोभर भाजा. उप्पीटासाठी रवा भाजताना महिन्याचा भाजून डब्यात भरा, सकाळी फोडणी देऊन उकळतं पाणी ओतलं की उप्पीट तयार. कांदा-खोबऱ्याचं वाटण केलं तर दोन भाज्यांचं करा, एक आज वापरा, एक फ्रीजरला. गॅस तोच, भांडं तेच, घासायचं एकदाच. भांडी घासायचा वेळ पण स्वैपाकातच धरायला पाहिजे की ओ, तो कुणी धरत नाही.

आणि कुकर नीट वापरा. पाच लिटरचा उंच कुकर असला तर तीन डबे एकावर एक बसतात. खाली तूरडाळ, एका वाटीला तीन वाट्या पाणी, हळद आणि थोडं तेल. मधे भात, दुप्पट पाणी. सगळ्यात वर छोट्या डब्यात तुमच्या सासऱ्यांचा भात, इंद्रायणी किंवा कुठलाही चिकट तांदूळ, त्याला चौपट पाणी. तूरडाळ आधी अर्धा तास भिजलेली पाहिजे, ते काम रात्रीच करून झोपायचं आणि भिजलेली डाळ फ्रिजमध्ये ठेवायची. चार शिट्ट्या, पाच मिनिटं बारीक गॅस, आणि वाफ आपोआप जाऊ द्यायची. तेवढ्या वेळात चपात्या होतात. सासऱ्यांच्या भातावर मेतकूट आणि तूप घातलं की त्यांचं जेवण वेगळं करायला लागत नाही.

एक गोष्ट बरेच जण चुकीची करतात म्हणून लिहितो. डाळ शिजायच्या आधी चिंच, टोमॅटो, कोकम काही घालू नका. आंबटानं डाळीचा गर घट्ट राहतो, मग कितीही शिट्ट्या काढा, दाणा मोडत नाही आणि गॅस जातो. बोअरचं जड पाणी असलं तरी तसंच होतं, तेव्हा डाळ शिजवायला पिण्याचं नळाचं पाणी घ्या.

याच्यावरनंच बिसीबेळेभात सांगतो, आमच्याकडं मंगळवारी रात्री हाच असतो. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी तूरडाळ, गाजर, बीन्स, मटार, बटाटा जे असेल ते, सहा वाट्या पाणी, हळद, सगळं एकदम कुकरला, पाच शिट्ट्या. उघडल्यावर चिंचेचा कोळ, तयार मसाला, मीठ, थोडा गूळ घालून पाच-सात मिनिटं रटरटू द्या, वर तुपाची फोडणी. पहिलं सासऱ्यांच्या वाटीला मसाला घालायच्या आधी बाजूला काढा, त्यांना तूप-मिठात देता येतं. एक भांडं, सहा माणसं जेवली, वर चिरमुऱ्याचा चिवडा नाहीतर पापड.

अथणीची_लेक

चिरमुरे म्हणालात म्हणून लिहिते, सुसला कुणी कसा सांगितला नाही अजून? पाच मिनिटांचं काम आहे. जाडे चिरमुरे पाण्यात बुडवायचे, लगेच काढून पिळून चाळणीत. कढईत तेल, मोहरी, शेंगदाणे, कडीपत्ता, हिरवी मिरची, कांदा, हळद. चिरमुरे टाकून परतायचे आणि वरनं पुठाण्याची डाळ (डाळं) मिक्सरला बारीक करून ती पूड दोन-तीन चमचे, लिंबू, कोथिंबीर. पुठाण्याची पूड आधीच करून बरणीत ठेवायची म्हणजे सकाळी मिक्सर लागत नाही. मिस्टर रात्री बाराला येतात म्हणता ना, त्यांना पण हेच, त्या वेळेला पोटाला हलकं पडतं.

मडकी (मटकी) भिजवून मोड आणून फ्रिजला ठेवा, तीन-चार दिवस राहतात. उसळ कुकरात एका शिट्टीत होते, कडक भाकरी कुस्करून वर उसळीचा रस्सा आणि कच्चा कांदा, आमच्याकडं शेतावर न्यायला हेच असायचं.

शहापूरची_सूनबाई

बापरे एवढं सगळं! मनापासून आभार. लसणाचं काम सासूबाईंना आजच विचारलं, त्या लगेच हो म्हणाल्या, उलट विचारलं की आधी का नाही दिलंस. तीन डब्यांचा कुकर पण डोक्यात बसला, माझ्याकडं उंच कुकर आहे आणि मी त्यात आजवर फक्त भात लावला.

दोन शंका. एक, लसूण सोललेला एकदम भरपूर झाला तर आलं-लसूण पेस्ट करून तेल घालून ओट्यावरच बाटलीत ठेवलं तर चालेल का? शेजारच्या काकू तसंच ठेवतात. आणि दुसरं, इडली-दोश्याचं पीठ थंडीत फुगतच नाही आमच्याकडं, मुलांना दोसे प्रचंड आवडतात, ते जमलं तर दोन-तीन दिवसांचा नाष्टा सुटेल.

टिळकवाडी_किचन

आलं-लसूण पेस्ट तेलात बुडवून बाहेर ठेवू नका ताई, हे खरंच गंभीर आहे. तेलाखाली हवा लागत नाही, आणि बिनहवेच्या जागेतच बोट्युलिझमचे जिवाणू वाढतात, त्याचं विष तयार झालं तरी वास किंवा चव बदलतेच असं नाही. पेस्ट फ्रिजमध्येच ठेवा, आठवड्यात संपेल एवढीच. बाकीची बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, गोठली की वड्या काढून पिशवीत भरा, भाजीला एक वडी टाकली की काम झालं. लहान फ्रीजरला पण एवढी जागा निघते. त्याच पिशवीशेजारी खोवलेलं ओलं खोबरं ठेवा, दोन महिने चालतं.

तसंच भाताबद्दल. उरलेल्या भाताचं सकाळी चित्रान्न करायचं असेल (आणि ते करावंच, लिंबू, शेंगदाणे, उडीद-चणाडाळीची फोडणी, दहा मिनिटांत चार डबे) तर रात्रीचा भात कुकरात झाकून ओट्यावर ठेवू नका. ताटात पसरून गार करा आणि तास-दोन तासांच्या आत फ्रिजला ठेवा. भातात असे जिवाणू असतात की त्यांची बीजं शिजवून पण मरत नाहीत, कोमट भातात ती वाढतात आणि त्यांचं विष परत गरम केल्यानं जात नाही. उन्हाळ्यात मुलांच्या डब्याला तर हे पाळाच.

आता पीठ. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा पंधराच्या जवळपास येतो आणि पावसाळ्यात पण गारठा असतोच, आणि पीठ आंबायला पंचवीस-तीस डिग्रीची ऊब लागते. तीन वाट्या इडली तांदूळ, एक वाटी उडीद, चमचाभर मेथी, मूठभर पोहे. वाटताना कोमट पाणी घ्या, वाटल्यावर हातानं चांगलं फेटा, हाताची ऊब लागते. मग भांडं मोठ्या कुकरात ठेवा, कुकरात तळाला आधी तांब्याभर गरम पाणी, झाकण लावा शिट्टी न लावता, वरनं जुनी चादर गुंडाळा. थंडीत बारा-चौदा तास द्या, आठ तासांत होईल अशी आशा धरू नका. शनिवारी संध्याकाळी वाटलं तर रविवारी सकाळी इडली, आणि लगेच उरलेलं फ्रिजला, सोमवारी दोसे, मंगळवारी कांदा-मिरची घालून पड्डू (आप्पे). तिसऱ्या दिवशी जरा आंबटच बरं लागतं पड्डूला. पड्डूच्या तव्यात एका वेळी बारा होतात आणि ते डब्यात गार झाले तरी मऊ राहतात.

सेकंड_शिफ्ट

मी पण उद्यमबागलाच आहे म्हणून जरा बोलतो. ताईंनी मिस्टरांना लागणारं लिहिलं, मिस्टर काय करतात ते लिहिलं नाही. शिफ्ट आहे म्हणून घरात हात लावायचा नाही असं आमच्या खात्यात पण पुष्कळ जण म्हणतात आणि मला ते अजिबात पटत नाही. उलट शिफ्टवाल्याला घरात असा वेळ मिळतो जो बाकी कुणाला मिळत नाही. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मी सकाळी दहा ते बारा घरी मोकळा असतो, त्या वेळात भाजी आणतो, धुतो, चिरून डब्यात भरतो, लाईट असते तेव्हाच मिक्सरचं सगळं वाटण करून ठेवतो, त्यामुळं संध्याकाळी लाईट गेली काय आणि राहिली काय. रात्री परत आलो की झोपायच्या आधी डाळ, मडकी भिजत घालतो, दोन मिनिटांचं काम ते. फर्स्ट शिफ्टला साडेतीनला सुटतो, मग संध्याकाळचा कुकर आणि पिठलं माझ्याकडं.

पिठलं शिकायला सोपं आहे, म्हणून दादांना त्याच्यापासनं सुरू करायला लावा. फोडणीत मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हळद, तीन वाट्या पाणी उकळायचं. एक वाटी बेसन वेगळ्या वाटीभर गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवून त्यात धार धरून ओतायचं आणि हलवत राहायचं, मीठ, झाकून पाच-सात मिनिटं. कोरडं बेसन थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात, नवीन माणूस तिथंच हात टेकतो. कडक भाकरी आणि पिठलं आणि कांदा, शिफ्टवरनं आलेल्या माणसाला अजून काय पाहिजे.

फ्रिजवर एक कागद लावलाय आम्ही, शिफ्ट बदलली की कागद बदलतो, कुणी काय करायचं ते त्याच्यावर. बायकोला रोज सांगायला लागत नाही, आणि रोज सांगायला लागणं हे पण एक कामच आहे.

शहापूरची_सूनबाई

दादा, तुमचं लिहिलेलं मिस्टरांना वाचून दाखवलं. पिठलं शिकतो म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात सेकंड आहे तर वाटणाचं काम त्यांच्याकडं. कागद मोठ्या मुलाला लिहायला लावलाय, त्यानं त्यात स्वतःचं नाव डबे भरायला घातलंय, कुणी सांगितलं नव्हतं.

माझं ठरलं ते असं, कोरडा मसाला आणि शेंगाचटणी या शनिवारी, पीठ पण शनिवारी, बाकी खानापूरच्या दादांसारखं रोजचं दुप्पट करत जायचं, रविवार दुपारनंतर मोकळा ठेवणार. कडक भाकरी विकतच आणणार सध्या. टिळकवाडीच्या ताई, पेस्टचं शेजारच्या काकूंना पण सांगितलं, त्यांनी बाटली टाकून दिली.

एकच विचारायचं राहिलं काकू. आपल्याकडं जूनपासनं पाऊस सुरू झाला की कशालाच कोरडेपणा राहत नाही, पापड सुद्धा वातड होतात. कडक भाकरी आणि चटणी त्या दिवसांत कशी ठेवता?

निपाणीची_काकू

पावसाळ्यात भाकरी एकदम पंधरा दिवसांची आणूच नको, चार-पाच दिवसांची आण. पत्र्याचा नाहीतर स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घे, तळाला आणि वरती वर्तमानपत्र नको, शाई लागते, कोरडं सुती फडकं ठेव. गरम भाकरी कधी डब्यात घालायची नाही, पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर तिचीच वाफ तिला मऊ करते आणि बुरशी धरते. वातड झाली तर तव्यावर अगदी बारीक आचेवर दोन्हीकडनं ठेव, मिनिट-दोन मिनिटांत परत कडक होते. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढा तुकडा मोडून बाकीची खाऊ नका, ती आख्खी भाकरी टाकून द्यायची.

चटणीत ओला चमचा घालायचा नाही हे मुलांना बजाव. मोठ्या बरणीतनं चार दिवसांची छोट्या वाटीत काढून ओट्यावर ठेव आणि मोठी बरणी पावसाळाभर फ्रिजमध्ये. लसूण पाकळ्या चटणीत घालायच्या आधी तव्यावर कोरड्या परतून घे, त्यातलं पाणी जातं, मग लवकर खवट होत नाही. जवसाची मात्र थोडी थोडीच कर, जवसाचं तेल लवकर उतरतं.

आणि मिस्टरांचं पिठलं पहिल्यांदा पातळ झालं तर घरात कुणी काही बोलू नका, भातावर घालून खा.